मुलगा वाचतो, पण खिडकीबाहेर बघून

प्रश्न : बाई, माझा मुलगा मराठी शाळेत दुसरीत आहे. धड्यावर बोट फिरवत घडाघडा वाचतो. परवा पुस्तक मांडीवर उघडं होतं आणि हा खिडकीबाहेर बघत तोच धडा 'वाचत' होता! मधलाच एखादा शब्द दाखवला की गप्प. सासूबाई म्हणतात, रोज बाराखडी म्हणून घे. शाळेतल्या बाई म्हणतात, हल्ली अक्षरांपासून नव्हे, शब्दांपासून शिकवतात. आम्ही घरी कोंकणी बोलतो, त्यामुळे तर असं होत नाही ना?
– एक आई, डिचोली

उत्तर : ताई, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेत मी अकरा वर्षं एकटीच शिक्षिका होते. एक खोली, चार इयत्ता. चौथीचे धडे ऐकून ऐकून पहिलीतल्या पोरांना पाठ व्हायचे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना असाच एक पहिलीतला मुलगा चौथीचा धडा वाचून दाखवत होता. साहेबांनी कौतुकाने पान उलटलं, तरी हा मागच्याच पानावरचं म्हणत राहिला. साहेब माझ्याकडे बघतात, मी फळ्याकडे.

तुमच्या मुलाचा कान तयार आहे, ही जमेची बाजू. डोळा कामाला लागायचा आहे.

सासूबाईंची बाराखडी मीही वर्षानुवर्षं म्हणून घेतली. 'क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि' हा ठेका पोरांना आवडतो. पण एका मुलीला मी फळ्यावरचा 'मो' विचारला, तर ती पुटपुटत 'म मा मि मी' पासून निघाली आणि चढत चढत 'मो' वर पोचली. तोवर शब्दाचं पुढचं अक्षर कोणी वाचायचं? ३४ व्यंजनं गुणिले १२, म्हणजे ४०८ घरं. ती ओळीने पाठ करण्यापेक्षा काना-मात्रा-वेलांटीच्या मोजक्या खुणा कुठल्याही अक्षराला लावता येणं महत्त्वाचं.

शाळेतल्या बाईंचंही खरं आहे, पण अर्धं. शब्दापासून सुरुवात करायची ती शब्द फोडण्यासाठी. नाहीतर मूल शब्दाऐवजी चित्र वाचतं. माशाचं चित्र, खाली 'मासा', आणि पोर ठणकावून घरच्या कोंकणीत वाचतं 'नुस्तें'. मी पूर्वी 'चूक' म्हणून मोकळी व्हायचे. खरं तर त्याला वस्तू बरोबर कळलेली असते, अक्षरांकडे त्याने बघितलेलंच नसतं. चित्रावर तळहात ठेवा आणि पुन्हा विचारा. बस्स. दोष कोंकणीचा नव्हे. सुरुवातीला दोन्ही भाषांत सारखे असणारे शब्द घ्या : नाक, कान, काका, मामा. 'लाल' नको, घरी तो 'तांबडो' असतो.

आता घरी काय कराल? जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर न, म, क, र ही चारच अक्षरं मोठी काढून कापा. काना म्हणून खराट्याचा हीर बोटभर मोडून घ्या. न आणि क शेजारी ठेवा, हीर न पुढे लावा : नाक. तोच हीर उचलून क पुढे लावा : नका. तुम्ही काही सांगायचं नाही, त्यालाच हलवू द्या. कान, काम, मान, मार, कमान, नकार... चार अक्षरांत संध्याकाळ जाते. हे सहज जमलं की दोन अक्षरं वाढवा. मात्र घ आणि ध, म आणि भ, ब आणि व अशी जुळी भावंडं एकाच आठवड्यात आणू नका.

पहिल्या वेलांटीपाशी मात्र थांबा, तिथे बहुतेक मुलं अडखळतात. ती लिहायची अक्षराच्या आधी, उच्चारायची अक्षरानंतर. 'कविता' मध्ये ती क आणि व यांच्या मधे उभी असते. डावीकडून येणारं मूल ती क ला देऊन टाकतं आणि वाचतं 'किवता'. 'गणित' चं 'गिणत' होतं. यात मुलाचा आळशीपणा नाही, लिपीच तशी आहे. मी वेलांटी आणि तिचं अक्षर मिळून लाल खडूने एक वर्तुळ काढायचे, की हे दोघं एका घरचे. पंधरा दिवसांत वर्तुळ पुसलं तरी चालायचं. रफार हा त्याच जातीचा. 'सूर्य' मध्ये तो बसतो य च्या डोक्यावर आणि बोलतो य च्या आधी. त्याची घाई आता नको.

मागे पडला म्हणून धास्तावू नका. २०२१ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' या वाचन-गणिताच्या मोहिमेतही समजून वाचण्यासाठी तिसरीच्या अखेरपर्यंतची मुदत धरली आहे. पाठ झालेला धडाही फेकू नका. त्यातली चार वाक्यं पट्ट्यांवर लिहा, पट्ट्या विस्कटून द्या आणि क्रमाने लावायला सांगा. खिडकीबाहेर बघून ते जमणार नाही.

आणि यंदा चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधाल तेव्हा चिठ्ठ्या लिहायचं काम त्याच्याकडे द्या : नारळ, केळी, भोपळा. कोणती चिठ्ठी कुठे बांधायची ते वाचून सांगण्याचा मान सासूबाईंसमोर त्यालाच. काकडीच्या चिठ्ठीवर त्याने 'तवशें' लिहिलं, तर तीच बांधा.