‘एड्सची लागण’ म्हणावं का?

एका ताईंनी विचारलं आहे: एकाच बातमीत एकाच माणसाला ‘एड्सची लागण’, ‘एचआयव्हीबाधित’ आणि मथळ्यात ‘एड्सग्रस्त’ असं लिहिलं होतं. तिन्हींचा अर्थ एकच का?

ताई, अर्थ वेगळे आहेत, आणि ‘एड्सची लागण’ तर लिहूच नये. लागण विषाणूची होते, म्हणजे एचआयव्हीची. एड्समधला शेवटचा ‘स’ सिंड्रोमचा, म्हणजे लक्षणसमूहाचा. लक्षणसमूह एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. घोळ झाला तो नावांच्या क्रमामुळे. एड्स हे नाव १९८२ मध्ये पडलं, विषाणू १९८३ मध्ये सापडला आणि त्याला एचआयव्ही म्हणू लागले १९८६ मध्ये. भारतातली पहिली लागण मद्रासमध्ये उघड झाली तीही १९८६ मध्येच. तोवर ‘एड्स’ लोकांच्या तोंडी बसून गेला होता.

‘लागण’ हा शब्द मात्र मला फार आवडतो. आमच्या वाळवा तालुक्यात लागण म्हटलं की आधी उसाचीच आठवते. सरीत कांडी पुरली की लागण झाली. बांधावरून बघणाऱ्याला नुसती मातीच दिसते. एचआयव्ही असाच रुजतो. सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशीत शिरून तो आपली जनुकं तिच्या डीएनएमध्ये रोवतो आणि तिच्याच जिवावर वाढतो. पहिल्या काही आठवड्यांत ताप, घसादुखी, पुरळ येऊन जातं, कुणाला तेवढंही होत नाही. पुढे औषधाविना कितीतरी जण आठ-दहा वर्षं हिंडते-फिरते असतात. आत सीडी४ पेशी मात्र घटत असतात.

आणि खोडवा! ऊस तोडला तरी जमिनीतल्या बुडख्याला पुन्हा कोंब येतात. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणाऱ्या औषधांच्या, गोळ्यांनी रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा होतो, मग शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही. पण काही पेशींत तो दडून राहतो आणि गोळ्या सोडल्या की फुटतो. म्हणून त्या रोज घ्यायच्या, जन्मभर.

‘ग्रस्त’चं मूळ ‘ग्रस्’, म्हणजे गिळणं. खग्रास ग्रहणातला ग्रास तोच. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० सीडी४ पेशी असतात. त्या २०० च्या खाली गेल्या, किंवा एरवी शरीर परतवून लावतं असे काही ठरावीक गंभीर आजार जडले, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. या आजारांना ‘संधिसाधू’ हा मराठी शब्द अगदी चपखल आहे. आपल्याकडे त्यात क्षय सगळ्यात पुढे. पण या अवस्थेतूनही औषधांनी माणसं सावरतात, म्हणून ‘ग्रस्त’ मला तिथेही खटकतो. ‘एड्सचा रुग्ण’ म्हणावं. नुसती लागण असेल तर ‘एचआयव्हीबाधित’ चालेल. ‘एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती’ लांब आहे, पण मी तेच लिहिते.

माझ्या ओळखीच्या एक काकू १३ वर्षं गोळ्या घेताहेत. रात्री ९ ला मोबाइलचा गजर होतो, हातातलं काम ठेवून त्या डबी उघडतात. सीडी४ ७०० च्या वर आहे. गावात त्यांना मागून ‘एड्सवाली’ म्हणतात. त्यांना एड्स कधी झालेलाच नाही.