चित्राभोवतीच्या माउंटवर (फ्रेमच्या आत बसणाऱ्या, मधे खिडकी कापलेल्या जाड बोर्डावर) दोन रंगांचे पट्टे कापून बसवायचे असतील तर घरच्या मॅट कटरवर, म्हणजे ही खिडकी कापायच्या साधनावर, जमतं का? की रंगवणंच बरं?

जमतं. आणि कापलेल्या पट्ट्याची कड रंगवलेल्या पट्ट्यापेक्षा कितीतरी स्वच्छ येते. रंगाचं पाणी बोर्डाच्या कागदात पसरतं, मास्किंग टेप काढताना वरचा पापुद्रा सोलून निघतो. केसासारख्या बारीक रेषाच हव्या असतील, तर मात्र रूलिंग पेन, म्हणजे शाईने एकसारखी रेषा आखायचं पेन, घ्या. अठराव्या शतकातले फ्रेंच संग्राहक मारिएत यांच्या निळ्या माउंटवर अशा आखीव रेषा दिसतात. पण तुम्ही विचारताय ते भरीव पट्टे, म्हणजे कापायचं काम.

यातली सगळी गंमत ४५ अंशांच्या तिरक्या कापात आहे. माउंट आपण मागच्या बाजूने कापतो, त्यामुळे आतून निघालेला तुकडा पुढून मोठा आणि मागून लहान असतो, अगदी बाटलीच्या बुचासारखा. आता निळ्या आणि पांढऱ्या अशा दोन बोर्डांवर तंतोतंत एकाच मापाची खिडकी कापली, तर निळ्याचा तुकडा पांढऱ्याच्या खिडकीत पुढून नेमका बसतो. सांध्यात बोर्डाचा गाभा दिसत नाही, फक्त रंग बदललेला दिसतो. हेच आत-आत करत गेलं की पट्टे तयार होतात. शिवाय एकाच्या श्रमात दोन माउंट मिळतात, दुसऱ्यात रंग उलटे.

बोर्ड मात्र सारख्याच जाडीचे हवेत. नेहमीचा चार प्लायचा (चार थरांचा) बोर्ड साधारण दीड मिलिमीटरचा असतो, पण दोन वेगळ्या कंपन्यांच्या बोर्डांत थोडा फरक निघू शकतो आणि तेवढ्याने पट्ट्याला पायरी येते. बोटाला लागत नसली तरी तिरप्या उजेडात ती दिसते.

कापायला लागण्याआधी दोन्ही बोर्डांच्या पाठीवर सगळ्या खिडक्या आखून घ्या, एकूण एक. 'एक कापू, मग त्या तुकड्याच्या कडेपासून पुढची मोजू' असं केलंत की फसलात, कारण ती कड तिरकी असते आणि मागून मोजलेलं माप पुढच्या मापाशी जुळत नाही. आधीच आखलेल्या रेषा मात्र सगळ्या सारख्याच सरकतात, म्हणून पट्ट्याची रुंदी बिघडत नाही. सुरुवातीला सहा मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. तीन मिलिमीटरची चौकट हातात धरतानाच कोपऱ्यात मुडपते.

कापताना बाहेरून आत या. नवं पातं लावा, खाली टाकाऊ बोर्ड ठेवा, आणि पात्याची खोली एवढीच ठेवा की त्या टाकाऊ बोर्डावर नुसता ओरखडा उमटेल. पातं जास्त बाहेर काढलं की ते वाकतं आणि रेषा कोपऱ्याशी कमानीसारखी वळते. साध्या माउंटमध्ये हे खपून जातं, इथे दोन रंगांच्या मध्ये फट दिसते. कोपरा पूर्ण सुटला नाही तर तुकडा ओढू नका. सुट्टं ब्लेड त्याच तिरक्या कापात सरकवून सोडवा.

सगळे काप झाल्याशिवाय काहीही चिकटवू नका. बरेच जण प्रत्येक पट्टा बसवून लगेच मागून टेप लावतात, मग पुढचा काप त्याच टेपमधून जातो, पात्याला गोंद लागतो आणि कड फाटते. त्यापेक्षा सगळ्या चौकटी सुट्या कापून घ्या आणि शेवटी सपाट काचेवर पालथ्या मांडा. मधला उरलेला तुकडा आधी ठेवा, त्याच्याभोवती सर्वांत आतली चौकट, मग तिच्या बाहेरची. पालथं असताना आतून बाहेरच जावं लागतं, उलट क्रमाने तुकडे बसतच नाहीत. मग सांध्यांवर आम्लरहित कागदी टेप लावा, सुलटं करा, मधला तुकडा काढा आणि वर पातळ कागद ठेवून सांधे हाडाच्या फोल्डरने (कागद घोटायच्या बोथट, चपट्या पट्टीने) हलकेच घोटा. सेलोटेप नको, काही वर्षांत पिवळी पडून सुटते.

रुंदीबद्दल माझं मत: सगळे पट्टे सारखे ठेवले तर डोळा चित्रावर टिकतच नाही. एक रुंद, एक बारीक, आणि चित्रालगतचा सगळ्यात शांत रंगाचा. पोस्टर किंवा कृष्णधवल फोटोला हे शोभतं, नाजूक जलरंगाला मी पट्टे देणार नाही.

चौकटींऐवजी सरळ उभे पट्टे हवे असतील, तर दोन्ही बोर्डांवर सगळे काप एकाच दिशेला तिरके घ्या, एकाआड एक पट्ट्या अदलाबदल करा आणि अख्ख्या पाठीला पातळ कागद चिकटवून वजनाखाली पूर्ण वाळू द्या. खिडकी त्यानंतर कापा. ओलसर असताना कापली तर पातं प्रत्येक सांध्यावर पट्टीचं टोक उचलतं.