आईला डिमेन्शिया झाला, म्हणजे मलाही होणार?

"परवा गिरणीत दळणाचा डबाच विसरून आले, मॅडम. घरी पोचल्यावर आठवलं. आईचं असंच सुरू झालं होतं."

बडोद्याच्या दांडिया बाजारातून आलेल्या त्या ताई (वय ५४, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) बसायच्या आतच बोलू लागल्या. खंडेराव मार्केटहून घरी यायचा रस्ता त्यांच्या आईच्या ४० वर्षं पायाखालचा. एके दिवशी तो सापडेना. नातेवाईक म्हणाले, साठी बुद्धी नाठी! त्यातच दोन वर्षं गेली. असं ऐकलं की मला आजही वाईट वाटतं. डिमेन्शिया हे म्हातारपण नव्हे, मेंदूच्या आजाराची लक्षणं आहेत ती.

डबा विसरला हे मागाहून आठवणं वेगळं आणि रोजचा रस्ताच हरवणं वेगळं, हे मी त्यांना आधी सांगितलं. आईला किंवा वडिलांना असेल तर धोका थोडा वाढतो, हे खरं. पण पिढीतून थेट उतरणारे प्रकार फार विरळ, आणि ते बहुधा साठीच्या आतच दिसतात. त्यांच्या आईला सुरू झालं ते ७४ व्या वर्षी.

बदाम, शब्दकोडी सगळं त्या नेमाने करत होत्या. पण तेवढ्या बोलण्यात तीनदा "काय?" म्हणाल्या, उजवा कान पुढे करून, नजर माझ्या ओठांवर.

"कानाला मशीन लावलं की लोक म्हातारी म्हणतात हो."

आणि बीपीची गोळी?

"बरं वाटलं की सोडते."

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण आपल्याला आवरता येण्यासारख्या १४ गोष्टी मांडल्या. त्या सगळ्या आवरल्या तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतो किंवा लांबू शकतो. कमी ऐकू येणं आणि रक्तदाब त्यातच आहेत. मधुमेह, धूम्रपान, एकटेपणाही. ऐकू येईना की माणूस भजनी मंडळात जाणं सोडतो, गप्पांतून उठतो. ताईंनीही सोडलं होतंच. हमी कुणालाच देता येत नाही, तेही मी त्यांना सांगितलं. कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि फॅमिली डॉक्टरांकडून बी-१२, थायरॉइड तपासून घ्यायला सांगितलं. त्यांच्या कमतरतेनेही विसरायला होतं, आणि ते औषधाने सुधारू शकतं.

महिन्याभराने आल्या, कानात मशीन. बसल्या आणि वर बघून म्हणाल्या, "तुमचा पंखा किती कुरकुरतो हो!"