अमेरिकेत रेडिओग्राफीचा (एक्स-रे काढण्याचा) कोर्स निवडताना कॉलेजचे निकाल कसे जोखावेत?

कॉलेजच्या कोर्सला जेआरसीईआरटीची (रेडिओग्राफीचे कोर्स तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता असेल तर निकाल वेबसाइटवर टाकणं त्यांना बंधनकारक असतं. तीन आकडे बघा: एआरआरटी परीक्षेत (एक्स-रे तंत्रज्ञ म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या परीक्षेत) पहिल्याच प्रयत्नात पास झालेले, वर्षभरात नोकरी लागलेले आणि कोर्स पूर्ण केलेले. पहिल्या दोन्हींची पाच वर्षांची सरासरी किमान ७५ टक्के लागते. बॅच लहान असतात, दोघं नापास झाले तरी एका वर्षाचा आकडा धाडकन खाली येतो, म्हणून ही सरासरी.

माझ्या मते खरी मेख तिसऱ्या आकड्यात आहे. पास होण्याची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांचीच धरतात. कच्ची मुलं आधीच गळाली तर निकाल आपोआप चकचकीत! नोकरीचंही तसंच, शोधतच नव्हते ते हिशेबात नाहीत.

एक्स-रे काढण्यात हात किती बसलाय ते मात्र यातून कळत नाही. गुडघ्याच्या लॅटरल (बाजूने काढलेल्या) फिल्ममध्ये दोन्ही कॉन्डाइल (मांडीच्या हाडाची खालची गोल टोकं) एकमेकांवर बसले का, डाव्या-उजव्याचा मार्कर एक्सपोजरआधी लावला का, हे क्लिनिकलमध्येच (हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष सरावात) तपासतात. तेव्हा फिल्म पुन्हा काढाव्या लागण्याचं प्रमाण कॉलेज नोंदवतं का, हे थेट विचारा.