वीस वर्षं बंद असलेला जुना ब्रिटिश हाय-फाय सेट पुन्हा कसा सुरू करावा?

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचून लगेच लिहायला बसलो: "शनिवारी प्लग लावून चालतो का ते बघणार आहे." कृपया लावू नका. निदान हे सगळं वाचून होईपर्यंत तरी नको.

तुम्ही लिहिलंय की लेस्टरमधल्या तुमच्या घरमालकीणबाईंनी मुलीकडे राहायला जाताना यजमानांचा सगळा सेट तुम्हाला दिला. त्यात क्वाड ३३ प्रीअँप (आवाज आणि इनपुट निवडायचा भाग), क्वाड ३०३ पॉवर अँप (स्पीकर चालवणारा भाग), गॅरार्ड ४०१ टर्नटेबलवर एसएमई ३००९ आर्म (सुई धरणारा दांडा) आणि एलएस ३/५ए स्पीकरची जोडी आहे. वीस वर्षं कोणी हात लावलेला नाही. तुमच्याकडे एलपी आहेत, आजोबांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या काही जुन्या तबकड्याही आहेत, आणि दोन वर्षांनी पुण्याला परतताना हे सोबत न्यावं का, असा प्रश्न आहे.

माझ्याकडे याच जोडीचा क्वाड बरीच वर्षं आहे. मी हंटिंग्डनपासून फार लांब राहत नाही, आणि हे अँप तिथेच तयार होत. पीटर वॉकर यांनी १९३६ मध्ये लंडनमध्ये क्वाडची ही कंपनी काढली आणि युद्धाच्या काळात ती हंटिंग्डनला हलवली. ३३ आणि ३०३ बाजारात आले १९६७ मध्ये. ताकद प्रत्येक बाजूला ४५ वॅट. आजच्या आकड्यांपुढे कमी वाटेल, पण खोलीत बसून ऐकायला भरपूर आहे.

माझा ३०३ मी एका शेतातल्या रविवारच्या जुन्या बाजारातून आणला आणि घरी येताच प्लग लावला. पाच मिनिटं सुंदर वाजला. मग गुरगुर सुरू झाली, जळका वास आला, आणि मी धावत जाऊन स्विच बंद केला. आत एक कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग) गेला होता आणि जाताना शेजारचे दोन-तीन भाग घेऊन गेला. आधी तपासला असता तर थोडक्यात निभावलं असतं. या यंत्रात इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर भरपूर आहेत, आणि ते वर्षानुवर्षं बंद राहिले की आतून सुकतात किंवा गळायला लागतात. पन्नास वर्षांपूर्वीचे कॅपॅसिटर "अजून चालतायत" म्हणून ठेवू नका. सरसकट बदला.

त्याआधी वायर बघा. ब्रिटनमध्ये उपकरणांच्या वायरचे रंग १९७० च्या सुमारास बदलले. त्याआधी लाल म्हणजे फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थ. त्यानंतर तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. आपल्याकडच्या घरांत लाल-काळी-हिरवीच असते, त्यामुळे आपल्याला जुनी वायर ओळखीची वाटते आणि "ठीक आहे की" असं म्हणून आपण पुढे जातो. पण एवढ्या जुन्या वायरवरचं रबर वाकवलं की तडकतं. नवी वायर घाला आणि प्लगमधला फ्यूज १३ अँपिअरचा असेल तर काढून ३ अँपिअरचा लावा. व्होल्टेज निवडायची सोय २४० वर आहे ना, हेही पाहा.

३०३ स्वतः उघडणार असाल तर प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये जोरदार झटका देण्याइतका साठा राहतो, हे लक्षात ठेवा. सोल्डरिंगचा सराव नसेल तर जाणकाराकडे द्या, यात कमीपणा काहीच नाही. देताना एवढं मात्र स्पष्ट सांगा की रेग्युलेटरचं व्होल्टेज ६७ वर आणि दोन्ही चॅनलचा मध्यबिंदू त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ३३.५ वर आणून द्या. हे दोन आकडे ऐकून ज्याचा चेहरा कोरा राहील त्याच्याकडे हा अँप ठेवू नका. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना अँपला येणाऱ्या विजेच्या वाटेत जुन्या पद्धतीचा साठ वॅटचा फिलामेंटचा बल्ब मालिकेत जोडतात. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि अँप वाचतो. क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही.

३०३ ची एक गोष्ट मला फार आवडते. त्यात स्पीकरकडे जाणारा आवाज एका मोठ्या कॅपॅसिटरमधून जातो. पुढे कित्येक बनवणाऱ्यांनी ही रचना जुनाट म्हणून टाकून दिली. पण आतला ट्रान्झिस्टर जळला तर त्याचं डीसी व्होल्टेज हाच कॅपॅसिटर अडवतो आणि स्पीकर वाचतात. तुमच्या स्पीकरची आजची किंमत पाहता हा पहारेकरी तिथेच राहू द्या. "सुधारणा" म्हणून तो काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

३३ चा त्रास वेगळा. त्याच्या मागच्या बाजूने लहान कार्डं खोचलेली असतात. एक रेकॉर्डसाठी, एक टेपसाठी. वीस वर्षांत त्यांच्या कडांवर ऑक्साइड चढतो आणि एक बाजू येते-जाते. तुमचा निम्मा "बिघाड" इथेच निघेल. कार्ड हळूच काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, परत बसवा. काढताना मोबाइलवर फोटो घ्या, कारण रेकॉर्डचं कार्ड फिरवून वेगवेगळ्या दिशांनी बसतं आणि प्रत्येक दिशेला संवेदनशीलता वेगळी असते. आवाजाची खुंटी फिरवताना खरखरली तर कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, डब्ल्यूडी-४० मुळीच नाही.

३३ ला फोन किंवा सीडी प्लेअर सरळ जोडू नका. त्याचा रेडिओचा इनपुट १०० मिलिव्होल्टच्या हिशेबाने केलेला आहे आणि सीडी प्लेअर २ व्होल्ट सोडतो, म्हणजे वीसपट. खुंटी जराशी हलवली की आवाज अंगावर येतो आणि फाटतो. मध्ये अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) घाला. सॉकेट सगळे जुने डिन पद्धतीचे, म्हणजे गोल आणि अनेक पिनांचे आहेत. केबल घेताना "क्वाड ३३ साठी" असं सांगूनच घ्या, कारण दिसायला सारख्या केबलींची आतली जोडणी वेगळी असते. ३३ ते ३०३ ची केबल चार पिनांची.

आता गॅरार्ड. खरं सांगायचं तर या सेटमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. ४०१ स्विंडनला १९६५ पासून होत असे. त्यात पट्टा नाही. मोटरची पुली आणि तबकाची (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीची) आतली कड यांच्यामध्ये रबरी कडेचं एक चाक असतं, त्याला आयडलर म्हणतात. मोटरचा जोर त्यातून थेट तबकाला मिळतो, म्हणून या टर्नटेबलवर तबल्याचा ठेका असा घट्ट बसतो. पण त्याच वाटेने मोटरची घरघरही सुईपर्यंत येऊ शकते. रबर कडक झालं, चपटं झालं किंवा तेलकट झालं की हीच घरघर वाढते. चाक काढून अल्कोहोलने पुसा, पुलीही पुसा. कड नखाला दगडासारखी लागली तर नवं चाक घ्या, मिळतं. मोटर आणि मुख्य बेअरिंगमधलं जुनं तेल डिंकासारखं झालेलं असेल. ते पूर्ण पुसून काढा आणि गॅरार्डसाठी म्हणून मिळणारं तेलच घाला. घरातलं खोबरेल चुकूनही नको. इथल्या हिवाळ्यात ते बाटलीत गोठतं, तसंच बेअरिंगमध्येही गोठेल.

वेग जुळवायचा तो यंत्र दहा-पंधरा मिनिटं चालून गरम झाल्यावर. तबकाच्या कडेवर खुणा आहेत आणि त्यांच्यावर निऑनचा दिवा पडतो. ५० हर्ट्झच्या विजेवर हा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. वेग बरोबर असेल तर खुणा जागच्या जागी उभ्या दिसतात. दिवा गेला असेल तर १८० रेघांचं कागदी स्ट्रोब (वेग तपासायची चकती) चालतं (मिनिटाला ६,००० लुकलुकी भागिले ३३⅓ म्हणजे १८०), फक्त ते निऑनच्या किंवा जुन्या फिलामेंटच्या दिव्याखाली बघा. बऱ्याचशा एलईडी दिव्यांखाली नीट दिसत नाही.

मात्र स्ट्रोब फक्त सरासरी वेग दाखवतो. चाल लहरते का, हे कळायला माझ्याकडे एकच कसोटी आहे: तंबोरा. ख्यालाची कुठलीही एलपी लावा आणि सुरुवातीचा, गायकाने सूर लावण्याआधीचा तंबोरा ऐका. पियानोचा सूर लगेच विरतो, पाश्चात्त्य वाद्यमेळात बारीक डगमग लपून जाते, पण तंबोऱ्याचा षड्ज सलग लागलेला असतो. वेगात एक टक्क्याचा फरक म्हणजे सुरात जवळपास १७ सेंटचा, अर्ध्या सुराच्या सहाव्या भागाइतका. हा फरक फेऱ्याफेऱ्याला वरखाली झाला तर आपल्या कानाला ताबडतोब खुपतो. माझ्या गॅरार्डचं आयडलर एका जागी बसकं झालंय, हे मला भीमसेनजींच्या एका रेकॉर्डवरच्या तंबोऱ्याने सांगितलं. स्ट्रोबवर सगळं ठीक दिसत होतं. मात्र रेकॉर्डचं भोक मध्यात नसेल तरी सूर डुलतो. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या रेकॉर्डवर ऐकल्याशिवाय यंत्राला दोष देऊ नका.

एसएमईच्या आर्मची पात्यावर तोललेली रचना नाजूक आहे. मागच्या वजनाजवळ रबर असतं, ते सैल होऊन वजन खाली झुकलेलं दिसतं. बाजूने बघा, वाकलेलं असेल तर ते रबर बदला. बारीक धाग्याला टांगलेलं इवलंसं वजन हरवलेलं नाही ना, तेही पाहा. ते सुईला आत ओढलं जाण्यापासून सावरतं. जुनी सुई मात्र कितीही चांगली दिसली तरी वापरू नका. किती वाजलीय ते तुम्हाला माहीत नाही. सुईचं आयुष्य साधारण ५०० ते १,००० तास असतं आणि झिजलेली सुई एलपीची खाच कायमची खरवडते. पहिला खर्च इथेच करा. दीड ग्रॅमच्या आसपास चालणारं साधं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) या आर्मला आणि ३३ ला छान जमतं. वजन डिजिटल काट्यावर मोजा. कोन जुळवायला या आर्मचा संपूर्ण पायाच पुढेमागे सरकतो, हे लक्षात असू द्या.

आजोबांच्या तबकड्या एलपीच्या सुईने वाजवू नका. त्यांची खाच कितीतरी रुंद असते. एलपीच्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या १८ मायक्रॉनच्या आसपास असते, तर ७८साठी ६५ ते ७५ मायक्रॉनची सुई लागते. आणि त्या अल्कोहोलने अजिबात पुसू नका. त्या लाखेच्या आहेत, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. कोमट पाण्याचा ओलसर मऊ कपडा आणि लगेच कोरडा कपडा, बस्स. वाजवताना क्वाड ३३ प्रीअँपवर मोनो करा आणि फिल्टर ५ किलोहर्ट्झवर आणा. खरखर मागे सरते आणि गाणारा माणूस पुढे येतो. त्या फिल्टरची किंमत मला जुनी नाट्यपदं ऐकताना कळली.

स्पीकरबद्दल थोडक्यात. एलएस ३/५ए बीबीसीच्या अभियंत्यांनी सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसून ऐकण्यासाठी आखले. त्यांच्याकडून खोली हादरवणारा खर्ज मागू नका, साधारण ८० हर्ट्झच्या खाली ते उतरत जातात. पण माणसाचा आवाज इतका खरा फार थोड्या स्पीकरवर ऐकला आहे. पक्क्या स्टँडवर, ट्विटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला, भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ठेवा. जाळी काढून ऐकायचा मोह टाळा. त्यांचा आवाज जाळीसकटच जुळवलेला आहे. ट्विटरभोवतीची जाड नमद्याची चौकट शाबूत हवी. आणि क्षमता २५ वॅटच्या आसपास असल्याने ३३ वरची आवाजाची खुंटी जपून फिरवा.

राहिला पुण्याचा प्रश्न. न्या. वीज तिथेही ५० हर्ट्झ आणि २३० व्होल्ट, त्यामुळे गॅरार्डची पुलीसुद्धा बदलावी लागत नाही. अमेरिकेला नेणाऱ्याला ती बदलावी लागते. चांगला स्टॅबिलायझर आणि खरोखर जोडलेलं अर्थिंग एवढं बघा. ३०३ चं वजन आठ किलो आहे, स्पीकर आणि आर्म हातसामानात, तबक वेगळं गुंडाळून. पावसाळ्यात रेकॉर्डवर बुरशी धरते, तेव्हा बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको. एसएमई कंपनी २०१६ मध्ये केडन्स समूहाने घेतली, आणि त्यामागे पुण्याचेच अजय शिर्के आहेत. नंतर गॅरार्डचं नावही एसएमईकडे आलं. म्हणजे तुमच्या टर्नटेबलचं आणि आर्मचं पुण्याशी नातं आधीच जुळलेलं आहे.

दुरुस्तीत काढलेले सगळे जुने भाग एका डब्यात घालून, चिठ्ठी लावून सेटबरोबर ठेवा. आणि बाईंना फोन करून विचारा, यजमानांनी माहितीपुस्तिका, आर्मची वजनं, स्ट्रोबचं कार्ड कुठे ठेवलं होतं. माझ्या बाबतीत ते सगळं एका बिस्किटांच्या डब्यात निघालं होतं.