जॅम नंतर, आधी चीज फ्रिजबाहेर काढा

प्रश्न असा होता: आयातदाराच्या नव्या यादीतून ब्री, कॉम्ते, मान्चेगो आणि रॉकफोर ही चार चीजं मागवलीत. सोबत अंजिराचा जॅम, ट्रफलचा (जमिनीखाली वाढणाऱ्या उग्र वासाच्या अळंबीचा) मध, क्विन्सची (सफरचंदासारख्या आंबट फळाची) वडी आणि रोझमेरी घातलेले क्रॅकर्स आलेत. १० पाहुणे येणार आहेत. कशाबरोबर काय ठेवू?

जॅमची चौकशी केलीत, मधाची केलीत, क्रॅकरचीही केलीत. चीज फ्रिजमधून कधी काढायचं, हे मात्र विचारलं नाहीत. म्हणून लिहायला बसलो. अशाच एका आयातदाराकडे मी ९ वर्षं होतो. चीज कापायचं, गुंडाळायचं आणि गिऱ्हाइकांना चाखवायचं, हे माझं काम. तिथल्या साहेबांशी या एकाच गोष्टीवरून माझं शेवटपर्यंत पटलं नाही.

एकदा नवा माल आला होता आणि हॉटेलांच्या खरेदीवाल्यांना चव घ्यायला बोलावलं होतं. वेळ सकाळी ११ ची. मी साडेनऊलाच सगळं बाहेर काढून झाकून ठेवलं. दहाच्या सुमाराला साहेब आले, त्यांनी ब्रीवर बोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "हे बसलंय, फोटोत घाण दिसेल." सगळं परत ४ अंशांवर गेलं. टेबलावर मग जॅमच्या सहा बरण्या लागल्या, दोन प्रकारचे मध, भाजलेले बदाम, द्राक्षांचे घड. चीज अगदी ११ ला, दगडासारखं गार, मधोमध आणून ठेवलं.

त्यात १८ महिने मुरलेलं कॉम्ते होतं. कॉम्तेला नियमाने ४ महिने पुरतात, हे १८ महिन्यांचं. हे चीज चाकासारखं गोल बनतं, ४० किलोच्या आसपासच्या अशा एका चाकाला ४०० लिटरच्या घरात कच्चं दूध लागतं, तेही मोंबेलियार्द आणि फ्रेंच सिमेंटाल या दोनच जातींच्या गायींचं. असं चीज कोणीतरी वर्षभराहून जास्त काळ तळघरात पालथं घालत, पुसत, मिठाने चोळत सांभाळलेलं असतं. एका खरेदीवाल्याने त्याचा काप उचलला, वर चमचाभर अंजिराचा जॅम थापला, खाल्ला आणि म्हणाला, "जॅम छान आहे." जॅमचे दोन खोके गेले. कॉम्ते कोणी घेतलं नाही. ब्रीपुढे कागदावर शेरा आला: चव नाही.

संध्याकाळी आवराआवर करताना पाहिलं, तर ताट तसंच टेबलावर राहिलेलं. ब्रीचा कापलेला भाग फुगून पुढे आला होता, रंग वाळल्या गवतासारखा पिवळसर, त्यावर तुकतुकी. जवळ गेलं की लोण्याचा आणि अळंब्यांचा वास. माल पोचवणारा आमचा ड्रायव्हर शेजारी उभा होता. त्याने तोवर कधी चीजला हात लावला नव्हता. मी एक तुकडा सालीसकट त्याच्या हातावर ठेवला, सोबत काही नाही. खाल्ला, जरा थांबला आणि म्हणाला, "हे सकाळचंच आहे?" मग न विचारता दुसरा तुकडा घेतला. मी तेच ताट घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी मान वर केली नाही. "लोक चीज विकत घेत नाहीत, थाट घेतात," एवढंच म्हणाले. पुढच्या महिन्यात यादीतून कॉम्ते गेलं आणि जॅमचे तीन नवे प्रकार आले. मला ते आजही पटलेलं नाही.

कारण साधं आहे. चीजचा बराचसा वास त्याच्या स्निग्धांशात असतो. गार असताना तो घट्ट राहतो, वास सुटत नाही, आणि वास नाही म्हणजे चव अर्धीही लागत नाही. तोंडात मग उरतं नुसतं मीठ. ते मीठ झाकायला माणूस जॅम शोधतो.

तर तुमच्या ताटाचं. ब्री, कॉम्ते आणि मान्चेगो तासभर आधी बाहेर काढा, रॉकफोरला अर्धा-पाऊण तास पुरे. क्विन्सची वडी मान्चेगोला, ही स्पेनमधली जुनी जोडी आहे आणि ती मोडायचं काही कारण नाही. मेंढीच्या दुधाचा तो कोरडा, किंचित तिखटपणा क्विन्सच्या आंबटगोडाने खुलतो. दोन्हींचे काप सारख्याच जाडीचे काढा. रॉकफोरला मध हवाच, पण साधा. ट्रफलचा नको. ट्रफलच्या नावाने विकलं जातं त्यात बऱ्याचदा कारखान्यात तयार केलेला वास असतो आणि तो समोरचं सगळं दाबून टाकतो. रॉकफोर फ्रान्समधल्या कोंबालू डोंगराच्या गुहांत मुरतं. तिथल्या भेगांमधून येणाऱ्या दमट हवेत मुरलेल्या चीजवर तो ओतणं म्हणजे त्या गुहेचा अपमान आहे. ब्रीला साधा पाव. कॉम्तेला काहीच नको, फार तर दोन अक्रोड. रोझमेरीच्या क्रॅकर्सचा डबा त्या दिवशी उघडूच नका. अंजिराचा जॅम चांगला असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पावाला लावून खा.

आणि एक कराच. पहिला तुकडा प्रत्येकाला नुसता द्या, मध आणि वडी त्यानंतर टेबलावर आणा. साहेबांनी हे एकदा जरी करून पाहिलं असतं, तर ते कॉम्ते यादीतून गेलं नसतं.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. खोली फार गरम असेल तर तासाचा अर्धा तास करा, आणि दोन तासांपेक्षा जास्त वेळ काहीच बाहेर ठेवू नका. आमचं ते ताट दिवसभर बाहेर राहिलं होतं, ते मी द्यायला नको होतं. पाहुण्यांत कोणी गरोदर असेल तर तिला ब्री आणि रॉकफोर देऊ नका, लिस्टेरिया या जंतूंचा धोका असतो. कॉम्ते आणि रॉकफोरचं दूध प्राण्याच्या जठरातून काढलेल्या रेनेट नावाच्या विरजणाने जमवतात, म्हणून कटाक्षाने शाकाहारी असणाऱ्यांना वाढण्याआधी सांगा, नंतर नाही. मान्चेगो आणि ब्रीचं वेष्टन वाचा. ब्री उघडल्यावर अमोनियाचा भपकारा आला, तर थोडा वेळ उघडी ठेवून पाहा. वास राहिलाच तर ती ताटात मांडू नका.

उरलेलं प्लॅस्टिकमध्ये घट्ट आवळू नका. मेणकागदात गुंडाळा आणि डब्यात ठेवा. रॉकफोरचा डबा वेगळा, नाहीतर त्याची निळी बुरशी चार दिवसांत ब्रीवर चढते.