लोवेलपाशी थांब

अमेरिकेचा इतिहास वाचायला घेतलास आणि १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचलास, छान केलंस. पण तिथून थेट रेल्वे आणि पोलादावर उडी मारू नकोस. आधी १७८७ ची राज्यघटना उघड. प्रतिनिधींच्या जागा ठरवताना पाच गुलामांची गणती तीन माणसांइतकी! मग मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या कापडगिरण्यांपाशी निवांत थांब. शेतकऱ्यांच्या पोरी तिथे घंटेच्या ठोक्यावर कामाला लागायच्या, दिवसाचे बारा-तेरा तास. १८३४ मध्ये मजुरी कापायचं ठरलं तेव्हा त्या संपावर गेल्या आणि आपण स्वतंत्र बापांच्या लेकी आहोत, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. मला हे वाचताना अजून गहिवरून येतं. पण त्यांच्या मागावरचा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला होता, हेही ध्यानात ठेव. यादवी युद्धाच्या सनावळ्या नंतर पाठ कर.